चाळिशी-पन्नाशीनंतर विरळ होणारे पापण्यांचे केस: सीरम, थेंब आणि खबरदारी

मोगरा_नाशिक

प्रसाधनांच्या धाग्यावर फिरून फिरून हाच विषय येतो आणि मग काजळाच्या ब्रँडवर जाऊन संपतो, म्हणून वेगळा धागा काढतेय. चाळिशी उलटली की पापण्यांचे केस आखूड आणि फिकट होतात, बाहेरच्या कोपऱ्याकडे फटी दिसायला लागतात. मस्करा लावायचा तर लावणार कशावर? बाजारात शे-दीडशे रुपयांच्या एरंडेलापासून हजारोंच्या परदेशी ट्यूबपर्यंत सगळं ‘लॅश सीरम’ याच नावाने विकलं जातं.

जाणकारांनी लिहावं. एक विनंती: ‘मला छान फरक पडला’ एवढंच नको. घटक कोणता, किती, कसा लावायचा आणि काय बिघडू शकतं, ते लिहा.

नेत्रांजन

आधी केसाचं गणित, म्हणजे जाहिराती वाचताना फसगत होणार नाही. वरच्या पापणीला साधारण ९० ते १६० केस असतात, खालच्या पापणीला ७५ ते ८०. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो. पापणीच्या केसाचा वाढीचा काळ जेमतेम महिना-दीड महिना, आणि त्यानंतर तो कित्येक महिने नुसता बसून राहतो. म्हणूनच तो ८-१२ मिलिमीटरवर थांबतो. वय वाढलं की वाढीचा काळ आणखी आखडतो, केस बारीक होतो, रंग उतरतो.

म्हणजे औषधाला करता येण्यासारख्या गोष्टी दोनच: बसलेल्या मुळांना वाढीच्या टप्प्यात ढकलायचं आणि तो टप्पा लांबवायचा. दोन्हींना वेळ लागतो. ‘सात दिवसांत दाट पापण्या’ असं लिहिलेलं असेल तर तो केसावरचा लेप समजायचा.

पण सीरमच्या आधी आरसा. मोठं दाखवणारा आरसा घ्या, खिडकीशी बसा, नजर खाली करा आणि एका बोटाने वरची पापणी अलगद वर उचला. केसाच्या बुडाशी मेणचट, अर्धपारदर्शक, नळीसारखं कडं चिकटलेलं दिसतंय का? ती डेमोडेक्स या सूक्ष्म किड्यांची खूण, वयाबरोबर त्यांचं प्रमाण वाढतं. पिवळट तेलकट खवले असतील तर पापणीच्या कडेची सूज, म्हणजे ब्लेफरायटिस. या दोन्हींत सीरम लावणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं.

आता घाई करायची ती लक्षणं. केस एकाच जागचे गेलेत, तिथली कड जाड झालीय, किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा रांजणवाडी येतेय, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो तुकडा तपासायलाच हवा. पापणीतल्या तेलग्रंथींचा कर्करोग असाच ‘साधी रांजणवाडी’ म्हणून महिनोन्महिने लपून राहतो, आणि आपल्याकडे त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आहे.

त्वचा_आणि_बरंच_काही

नेत्रांजन यांच्या यादीत माझी भर. पापण्यांबरोबर भुवयाही जातायत का, तेही बघा. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली असतील तर थायरॉइड तपासा. पाळी गेल्यानंतर भुवया आधी गेल्या आणि कपाळावरची केसांची रेषा हळूहळू मागे सरकतेय, तर फ्रंटल फायब्रोसिंग ॲलोपेशियाची शंका घ्यायची. त्यात मूळच व्रण होऊन बंद पडतं, तिथे नंतर कुठलाच थेंब काम करत नाही, त्यामुळे महिने वाया घालवू नका. कातडीवर बधिर चट्टे असतील तर कुष्ठरोगाची तपासणी करा. महाराष्ट्रात तो संपलेला नाही आणि सरकारी केंद्रात औषध मोफत मिळतं. नाण्याएवढी साफ टक्कल-जागा डोक्यात किंवा दाढीत असेल तर ॲलोपेशिया अरियाटा, म्हणजे चाई. तिचे उपचार वेगळे.

रक्ताच्या तपासण्या थोडक्यात: टीएसएच (थायरॉइडची तपासणी, थायरॉइड मंद असेल तर आकडा वाढतो), हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा). पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षं रक्तस्राव जास्त होतो, त्यात लोहाचा साठा रिकामा होतो. नुसतं हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून साठा ठीक असेलच असं नाही.

आणि हे ठळक वाचा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीच्या आधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते डॉक्टरांना विचारा. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांची पद्धतच बायोटिनवर चालते. गोळीतल्या बायोटिनमुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर (थायरॉइडचं संप्रेरक) खोटा जास्त येऊ शकतो. म्हणजे खरा थायरॉइड मंद असलेल्या बाईला ‘नॉर्मल’ असा कागद मिळतो. बायोटिनची कमतरता नसताना त्या गोळ्यांनी पापण्या दाट होतात याला पुरावा नाही, हे वेगळंच.

फडताळातला_फार्मासिस्ट

आता औषधाकडे. नीट चाचण्या होऊन पापण्यांसाठी मान्यता मिळालेलं द्रव्य एकच: बिमॅटोप्रॉस्ट ०.०३ टक्के. मुळात हा काचबिंदूचा थेंब. अमेरिकेत २००१ मध्ये ‘ल्युमिगन’ नावाने आला. डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी थेंब घालणाऱ्यांच्या पापण्या लांब आणि काळ्याभोर होताना दिसल्या. (याच कुळातल्या लॅटानोप्रॉस्टबद्दल हे निरीक्षण १९९७ मध्येच छापून आलं होतं.) मग डिसेंबर २००८ मध्ये तेच द्रव्य, तीच ताकद, ‘लॅटिस’ या नावाने पापण्यांसाठी मंजूर झालं.

चाचणीचे आकडे: २७८ जण, १६ आठवडे. ठरलेल्या मोजपट्टीवर निदान एक पायरी सुधारणा औषधाच्या गटात ७८ टक्क्यांना आणि नुसत्या द्रावणाच्या गटात १८ टक्क्यांना. लांबी सरासरी २५ टक्के वाढली, मिलिमीटरमध्ये सांगायचं तर १.४. ऐकायला थोडं वाटतं, पण दाटपणा त्याहून कितीतरी जास्त वाढतो आणि नजरेत भरतो तोच.

भारतात बिमॅटोप्रॉस्टच्या बाटल्या मिळतात त्या बहुतेक काचबिंदूसाठी. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायच्या. अशा बाटलीचा पापण्यांसाठी वापर हा लेबलाबाहेरचा, म्हणजे खोक्यावर न लिहिलेल्या कामासाठी, तो डॉक्टरांनी ठरवायचा. दुकानात खोका हातात घेऊन तीन गोष्टी वाचा.

पहिली, ताकद. ०.०१ टक्केही मिळतं. ‘कमी ताकद म्हणजे सौम्य’ असं समजून लोक ते मागतात. पण मूळ ब्रँडच्या ०.०१ टक्क्यात बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) ०.०३ टक्क्यापेक्षा चौपट आहे. कोरड्या डोळ्यांना त्रास होतो तो बहुतेक यानेच.

दुसरी, जोडऔषध. खोक्यावर ‘टिमोलॉल’ हा शब्द असेल तर ती बाटली परत करा. तो बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारं औषध आहे, दमेकऱ्यांना आणि मंद नाडीच्या लोकांना धोक्याचा, आणि पापणीला त्याचा काहीही उपयोग नाही.

तिसरी, तारीख. उघडल्यापासून चार आठवड्यांनी बाटली टाकायची. उघडली तो दिवस पेनाने बाटलीवर लिहा. साठवण २५ अंशांखाली. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याचा अर्थ फ्रिजचं दार, फ्रीझर नव्हे.

मोगरा_नाशिक

आकड्यांबद्दल धन्यवाद. लावायचं नेमकं कसं? डोळ्यात थेंब टाकायचा की ब्रशने? आणि जुना आयलायनरचा ब्रश धुऊन चालेल का?

फडताळातला_फार्मासिस्ट

डोळ्यात नाही, आणि जुना ब्रश तर अजिबात नाही. मोगराताई, बाटली निर्जंतुक असते, ब्रश नसतो. धुतलेल्या ब्रशच्या केसांत ओल राहते, ओलीत जंतू. ते बुबुळावर गेले तर पापण्या राहतील बाजूला, नजरेचंच दुखणं व्हायचं.

दिवसातून एकदा, रात्री. मेकअप पूर्ण काढून चेहरा धुवायचा आणि पापण्या कोरड्या होऊ द्यायच्या. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढायच्या, कारण मऊ लेन्स ते परिरक्षक शोषून घेतात. पुन्हा घालायच्याच असतील तर १५ मिनिटांनी. डोळ्यात दुसरे थेंब चालू असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या.

एकदाच वापरायचा, वेगळ्या वेष्टनातला बारीक ॲप्लिकेटर घ्या. तो आडवा धरायचा, टोकाजवळ एक थेंब पाडायचा, बाटलीचं तोंड कशालाही टेकवायचं नाही. मग वरच्या पापणीवर केस जिथे कातडीतून निघतात त्या रेषेवर, नाकाकडून बाहेरच्या कोपऱ्याकडे, एकच ओढ. आयलायनर लावतो तिथेच, पण आतल्या ओल्या कडेवर नाही. कड नुसती ओलसर दिसली पाहिजे, ओघळ नको. जास्तीचं लगेच टिश्यूने टिपायचं. तो ॲप्लिकेटर फेकायचा आणि दुसऱ्या डोळ्याला नवा.

खालच्या पापणीला लावू नये. डोळे मिटल्यावर वरचं औषध आपसूक तिथे पोचतं. खाली मुद्दाम लावलं की ते गालावर उतरतं आणि जिथे पुन्हा पुन्हा उतरतं तिथे लव उगवते.

एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नको. दोनदा लावल्याने वाढ दुप्पट होत नाही, लाली मात्र होते.

एडिसनकर

इकडे अमेरिकेत लॅटिस चिठ्ठीवरच मिळतं, पण कॉस्मेटिक म्हणून खुलेआम विकल्या जाणाऱ्या सीरमांचा ढीग आहे आणि सुट्टीत येताना लोक तीच घेऊन येतात. समोरची नावं सोडा, मागचं बारीक अक्षर वाचा. ‘आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट’ किंवा ‘डीक्लोरो डायहायड्रॉक्सी डायफ्लुओरो एथिलक्लोप्रोस्टेनोलामाइड’ असं लांबलचक काही दिसलं, थोडक्यात नावात कुठेही ‘प्रोस्ट’ आलं, तर ते बिमॅटोप्रॉस्टच्याच कुळातलं. फरक इतकाच की त्यात किती आहे ते लिहिलेलं नसतं आणि चाचण्या त्या तोडीच्या नाहीत. एफडीएने (इथल्या औषध-नियंत्रक संस्थेने) २०११ मध्ये अशा सीरमांच्या एका उत्पादकाला इशारापत्र दिलं होतं. म्हणणं असं की हा घटक आणि हे दावे असतील तर ते औषध झालं, कॉस्मेटिक नव्हे. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीनेही २०२२ मध्ये या घटकांच्या सुरक्षिततेबद्दल चिंता नोंदवली.

दुसरा गट पेप्टाइडवाला: मायरिस्टॉइल पेंटापेप्टाइड-१७, बायोटिनॉइल ट्रायपेप्टाइड-१, सोबत पँथेनॉल, हायल्युरॉनिक ॲसिड. यांनी केस लवचीक होतो, कमी तुटतो. नव्याने उगवण्याचा पुरावा तोकडा. तुटण्यामुळेच आखूड दिसणाऱ्या पापण्यांना तेवढंही पुरतं, पण मग औषधाच्या भावाने पैसे का मोजायचे?

नेत्रांजन

एडिसनकरांनी वर्मावर बोट ठेवलं. दुष्परिणाम सगळ्या ‘प्रोस्ट’ कुळाला सारखेच लागू, खोक्यावर औषध लिहिलेलं असो वा सौंदर्यप्रसाधन.

खाज आणि लाली सुरुवातीच्या आठवड्यांत होते, बऱ्याचदा ओसरते. पापणीची कातडी काळसर होते. आपल्या गव्हाळ रंगावर ती काजळाची रेघ वाटते, कुणाला आवडतेही. औषध थांबवलं की काही महिन्यांत फिकी होते. बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा रंग तपकिरी होणं मात्र कायमचं. आपले डोळे मुळात गडद, म्हणून सहसा लक्षात येत नाही. पण घाऱ्या किंवा हिरवट डोळ्यांच्या लोकांनी हे समजून मगच सुरुवात करावी.

पन्नाशीच्या वाचकांना मात्र मी वेगळीच गोष्ट सांगेन, जी विक्रेते सांगत नाहीत. ही द्रव्यं डोळ्याभोवतीची चरबी आटवतात. वरच्या पापणीची खाच खोल जाते, डोळा आत गेल्यासारखा दिसतो. थेट डोळ्यात थेंब घालणाऱ्यांत हे जास्त होतं, कडेवर लावणाऱ्यांत कमी, पण होतं. पंचविशीतल्या भरलेल्या चेहऱ्यावर खपून जाईल. पन्नाशीत ती चरबी आधीच ओसरू लागलेली असते, आणि लांब पापण्या मिळवून डोळे खोल दिसणार असतील तर सौदा तोट्याचा. मुळातच खोल डोळे असणाऱ्यांनी माझ्या मते या वाटेला जाऊच नये. बाकीच्यांनी दर महिन्याला समोरून फोटो काढून खाच बघावी. लवकर थांबवलं तर पुष्कळदा भरून येते.

कुणी लावू नये: डोळ्याला चालू संसर्ग किंवा आतली सूज (युव्हायटिस) असलेल्यांनी. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत मागचं आवरण फाटलेल्यांनी, कारण दृष्टिपटलाला सूज येऊ शकते. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्यांनी. काचबिंदूसाठी आधीच लॅटानोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट वगैरे चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. एकाच कुळातली दोन औषधं झाली की दाब उतरवण्याचं काम बिघडू शकतं. डोळ्याचा दाब मोजून घेताना ‘पापण्यांना हे लावते’ असं आवर्जून सांगा, नाहीतर आकडा उगाच चांगला दिसेल.

शंकेखोर

एवढ्या उपद्व्यापापेक्षा आजीचं एरंडेल बरं की! आणि लहान मुलांच्या पापण्यांची टोकं कापतात तशी कापली तर दाट येतात म्हणे?

रूपसाधना

अहो शंकेखोर, कात्री डोळ्याजवळ नेऊ नका. जिवंत भाग कातडीखाली असतो, वरचं टोक कापल्याचा मुळाला पत्ताही लागत नाही. कापलेलं टोक बोथट होतं, म्हणून जाड भासतं, इतकंच.

एरंडेलाने केस उगवतो याला पुरावा नाही. ते दाट, चिकट तेल आहे, केसावर थर बसतो, चमक येते, तुटणं कमी होतं. लावायचंच तर कापसाच्या काडीला पुसट लावून केसांच्या मधल्या भागापासून टोकांकडे. बुडाशी चोपडलं की तेलग्रंथींची तोंडं बुजतात आणि ब्लेफरायटिस वाढतो. सकाळी डोळ्यांसमोर धुरकट दिसलं तर समजा की तेल आत गेलंय.

रोजच्या सवयींनी जे केस जातात ते आधी वाचवा. वॉटरप्रूफ मस्करा हा पहिला गुन्हेगार, म्हणजे तो काढण्याची पद्धत. तेलयुक्त रिमूव्हरचा कापूस मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसता टेकवून ठेवा, मग खाली ओढा. घासलात की केस कापसाबरोबर येणार. मस्करा तीन महिन्यांनी टाका. कर्लर मस्कराच्या आधी, नंतर नाही. रबर पट्टी चिरली असेल तर बदला. काजळ आतल्या ओल्या कडेवर रोज भरू नका, ग्रंथींची तोंडं तिथेच असतात. चिकटवलेल्या एक्स्टेन्शनचं (कृत्रिम पापण्यांचं) वजन बारीक झालेल्या केसाला झेपत नाही, आणि डिंक सायनोॲक्रिलेट जातीचा, त्यातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी येऊ शकते. विरळ पापण्यांवर एक्स्टेन्शन लावून फटी झाकणं म्हणजे त्या रुंद करणं.

नेत्रांजन

आणि कडेची स्वच्छता. कोमट पाण्यात पिळलेला स्वच्छ रुमाल मिटल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवा, थंड होऊ लागला की पुन्हा गरम पाण्यात बुडवून पिळा. मग वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, बोटाने हलकी दाबत न्या. शेवटी लिड वाइप (पापण्या पुसायचा तयार ओला तुकडा) किंवा पाण्यात पातळ केलेल्या बेबी शाम्पूच्या कापसाने केसांची बुडं आडवी पुसा. डेमोडेक्स असेल तर टी ट्री ऑइल घरी थेट लावू नका, बुबुळ भाजतं, ते डॉक्टरांच्या हातचं काम. अमेरिकेत २०२३ पासून त्यासाठी लोटिलानर ०.२५ टक्क्याचे थेंबही आहेत.

सूज पूर्ण बसल्यावरच सीरम. पुष्कळांना त्यानंतर सीरमची गरजच उरत नाही.

सुईदोरा

केमोथेरपीनंतरही हेच लागू होतं का? आणि मिनॉक्सिडिल? डोक्याला चालतं तर पापणीला का नको?

त्वचा_आणि_बरंच_काही

मिनॉक्सिडिल नको. टक्कलासाठीच्या द्रावणात अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, डोळ्यात गेलं तर आग आग होते.

केमोत मुळं मरत नाहीत, थांबतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत बहुतेकांच्या पापण्या आपणहून येतात. सगळी मुळं एकदमच कामाला लागल्यामुळे काहींच्या पापण्या पुढे एकदम गळतातही, मग पुन्हा येतात. ते पाहून घाबरू नका. बिमॅटोप्रॉस्ट लावता येतं, पण ऑन्कॉलॉजिस्टच्या (कर्करोगतज्ज्ञांच्या) होकारानंतर. पांढऱ्या पेशी कमी असताना डोळ्याशी ब्रश नेण्यात अर्थ नाही.

मोगरा_नाशिक

शेवटचं विचारते. किती दिवस लावायचं, आणि थांबवलं की?

फडताळातला_फार्मासिस्ट

फरक साधारण आठव्या आठवड्याला दिसू लागतो, पूर्ण परिणाम सोळाव्याला. डोळ्यांनी रोज बघून कळत नाही, म्हणून सुरुवातीला, आठव्या आणि सोळाव्या आठवड्याला फोटो काढा: तीच खिडकी, तीच वेळ, नजर खाली, मस्करा नाही. सोळा आठवड्यांनी दोन फोटोंत फरक नसेल तर बाटली बंद करा आणि कारण शोधायला परत डॉक्टरांकडे जा.

फरक पडला तर काही डॉक्टर नंतर एक दिवसाआड लावायला सांगतात. पूर्ण थांबवलं की काही आठवड्यांत ते काही महिन्यांत पापण्या मूळ पदावर. हिशेब म्हणून आधीच धरा: महिन्याला एक बाटली आणि साठ ॲप्लिकेटर. बाटली एकावर एक फुकट अशा ऑनलाइन जाहिरातीतून घेऊ नका. सील, बॅच नंबर आणि दुकानाची पावती, तिन्ही हवेत. आणि घरातल्या दोघींनी मिळून एकच बाटली वापरायची नाही.

मोगरा_नाशिक

घेतलं लिहून. आधी फेरिटिन आणि टीएसएच, बायोटिन बंद ठेवून. बाकी मग.